चार हजार वेळा बाहेर पडलेला पाय

दादा, नमस्कार.
मी ३१ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये स्केटबोर्ड घेतला, तो अजून सुटलेला नाही. ऑली (बोर्डसकट उडी) येते, शव्हिट (पायाखाली बोर्ड आडवा फिरवणं) येते, किकफ्लिप (बोर्ड हवेत लोळवणं) दहातली सात वेळा बसते. गेले आठ महिने ट्रे फ्लिप या ट्रिकच्या मागे लागलेय. आठवड्यातून चार संध्याकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनकाका शिट्टी मारेपर्यंत. बोर्ड पूर्ण फिरतो, चाकांवर पडतो, मागचा पाय बोर्डवर असतो आणि पुढचा जमिनीवर. दर वेळी! दोन नवे डेक (बोर्डची लाकडी फळी) घेऊन झाले. पायांच्या जागा बदलून पाहिल्या. शिकवणारे व्हिडिओ बघून डोळे गेले. बी विंगमधला चौदा वर्षांचा पोरगा माझ्या नंतर सुरू करून तीन आठवड्यांत लावून मोकळा झाला. आई म्हणते, हे काय वय आहे का. नवरा काही म्हणत नाही, शूटिंग करतो. माझे पाय चुकीच्या जागी पडतात का? आधी व्हेरिअल ही ट्रिक शिकायला हवी होती का? की खरंच वय झालं? सोडून देऊ? सोबत अकरा व्हिडिओ पाठवतेय.
– दीड पाय, नाशिक

दीड पाय, तुझ्याशी एकेरीतच बोलतो. वयानं मी मोठा आहे आणि मोडलेल्या हाडांच्या हिशेबात तर बराच पुढे आहे.

अकराही व्हिडिओ पाहिले. पहिल्यांदा सगळे बघतात तसे, म्हणजे बोर्डकडे बघत. मग स्क्रीनवर बोर्ड दिसतो तिथे अंगठा धरला आणि फक्त तुझ्याकडे बघितलं. अंगठा धरल्यावर दिसलं ते असं: अकरापैकी नऊ वेळा, टेल (बोर्डचं मागचं टोक) जमिनीवर आपटायच्या आधीच तुझा डावा खांदा नोजच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेनं उघडलेला आहे. बोर्ड अजून फिरायला लागलेलाही नाही. नीट फिरेल की वाकडा जाईल, कुणालाच ठाऊक नाही. तुझं अंग मात्र उतरायच्या तयारीत आहे. एसटी थांब्यावर यायच्या आधीच पिशवी घेऊन दारात येऊन उभं राहणारं माणूस असतं ना, तसं.

आता जरा हिशेब करू, तू बँकेतली आहेस. आठ महिने म्हणजे साधारण पस्तीस आठवडे. आठवड्याला चार संध्याकाळी, म्हणजे १४०. एका संध्याकाळी तीस प्रयत्न धरले (तू जास्तच करत असशील) तरी ४,२०० झाले. तुला वाटतंय, ४,२०० वेळा ट्रे फ्लिप हुकली. मला वाटतं, तू ४,२०० वेळा एक दुसरीच ट्रिक केलीस, आणि ती आता इतकी पक्की बसलीय की झोपेतून उठवून सांगितलं तरी करशील. बोर्ड फिरवायचा आणि पुढचा पाय बाजूला जमिनीवर ठेवायचा. हुकलेला प्रयत्न शून्य असतो असं आपण समजतो. पायाला ते माहीत नसतं. तो प्रत्येक वेळी काहीतरी शिकतच असतो, आणि तुझा पुढचा पाय आठ महिने बाहेर पडायला शिकला.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पाय जागेवर आहेत. मागच्या पायाची बोटं टेलच्या खोबणीत, बोटांकडच्या कडेला. पुढचा पाय पुढच्या बोल्टच्या (चाकांचा सांगाडा डेकला धरणारे ते) तीनचार बोटं मागे, जरा तिरका. बरोबर आहे. ती जागा पुन्हा हलवलीस तर मी हे सदर बंद करेन.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण मागच्या वेळी एका काकांनी विचारलं होतं की ही ट्रिक खातात की पितात. ट्रे फ्लिप म्हणजे ३६० फ्लिप. 'ट्रे' हे त्यातल्या तीनाचं लाडकं नाव. यात बोर्ड एकाच वेळी दोन तऱ्हांनी फिरतो. एक, जातं फिरतं तसा, आडवा, पूर्ण ३६० अंश. दोन, लाटणं लोळतं तसा, स्वतःच्याच लांबीभोवती एक वळसा. जातं मागच्या पायाचं काम: टेल नुसती दाबायची नाही, बोटांनी खरवडल्यासारखी मागे ओढायची, त्याला स्कूप म्हणतात. लाटणं पुढच्या पायाचं काम, आणि ते फारच हलकं: स्कूपमुळे बोर्ड आधीच वळायला निघालेला असतो, पुढच्या पायानं त्याच्या कडेला नुसता स्पर्श करून वाट द्यायची. किकफ्लिपमध्ये मारतो तशी फटकार इथे मारली की बोर्ड हातचा, म्हणजे पायचा, गेलाच. मग तो वळसा संपत आला की पायांनी त्याला वरून धरायचं, चारही चाकांवर खाली आणायचं आणि पुढे निघून जायचं.

ही अमेरिकेत फ्लोरिडातल्या रॉडनी मुलन या स्केटबोर्डवाल्यानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ट्रिक. सपाट जमिनीवरची ऑली, किकफ्लिप, हीलफ्लिप, ही सगळी त्याचीच त्या काळातली करणी. किकफ्लिपला तेव्हा मॅजिक फ्लिप म्हणायचे. त्याचं नाव काढायचं कारण इतकंच की त्याच्यासमोर पायांच्या जागा दाखवणारा एकही व्हिडिओ नव्हता. तुझ्यासमोर हजारो आहेत, आणि त्या सगळ्यांत पायांच्या जागा दाखवतात, कारण दाखवता येण्यासारखं तेवढंच असतं. पाय उचलताना मनात काय चाललंय त्याचं चित्र कसं काढणार? मग माणूस आठ महिने बोट इकडे, टाच तिकडे करत बसतो.

मनात काय चाललंय ते तपासून बघू. तू उडी मारलीस की तुझं अंग अंदाजे तीस सेंटिमीटर वर जातं, असं तुझ्या व्हिडिओवरून दिसतं. तीस सेंटिमीटर वर जाऊन परत खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आहे, तो नाशिकलाही तोच. त्या अर्ध्या सेकंदात बोर्ड दोन्ही वळसे पूर्ण करणार. आणि डोळ्यांनी काही बघून पायानं हलायचं म्हटलं तर माणसाला एक पंचमांश सेकंदाच्या आसपास वेळ लागतोच, कितीही चपळ असला तरी. म्हणजे 'आधी बघते, बोर्ड नीट फिरला तर पाय ठेवते' असं ठरवून तू उडी मारत असशील, तर तुझ्याकडे तेवढा वेळच नाही. पाय तोवर खाली निघालेला असतो. आणि ज्याला काही आदेश मिळालेला नाही, तो पाय सवयीच्या ठिकाणी जातो. जमिनीवर.

म्हणून ठरवायचं ते टेल आपटायच्या आधी. 'पाय बोर्डवरच येणार' हा ठराव मंजूर करूनच उडी मारायची. डोळ्यांना फक्त एक अधिकार ठेवायचा, नकाराचा. बोर्ड उलटा दिसला, कडेवर उभा दिसला, तर पाय पसरून बाजूला उतरायचं. पण काहीच दिसलं नाही, शंका आली, कळलं नाही, तर पाय बोर्डवर. आत्ता तुझ्याकडे हे बरोबर उलटं आहे: बाहेर पडायचं आधीच ठरलेलं, आणि डोळ्यांनी परवानगी दिली तर आत. दीड पायाचं मूळ तिथे आहे.

पण हे नुसतं वाचून होत नाही. मलाही एका मित्रानं 'अरे, कमिट कर ना' असं दीड वर्ष सांगितलं. अगदी ओरडून सांगितलं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. भीती वाटणाऱ्याला 'घाबरू नकोस' सांगणं म्हणजे शिंक आलेल्याला 'शिंकू नकोस' सांगणं. पायाची सवय पायानंच मोडावी लागते.

तर आजपासून दोन आठवडे ट्रे फ्लिप बंद. एकही नाही. 'फक्त एक बघते' असंही नाही.

पहिल्या आठवड्यात बोर्ड गवतावर ठेव. सोसायटीत लॉन असेल तर माळीबुवांना विचारून, नाहीतर घरात जाडशा सतरंजीवर, चाकं हलणार नाहीत अशा ठिकाणी. बोर्डच्या मागे उभी राहा आणि दोन्ही पायांनी एकदम उडी मारून बरोबर चार-चार बोल्टवर उतर. गुडघे वाकलेले, खांदे बोर्डच्या रेषेत, दोन्ही पायांचा आवाज एकच आला पाहिजे. 'धप्प' हवं, 'धप-धप' नको. रोज वीस वेळा. कंटाळा येईल, येऊ दे. आठ महिन्यांत तुझ्या पुढच्या पायाला बोल्ट कसे लागतात हेच आठवत नसेल, ते आठवण करून देणं एवढंच काम आहे. याच आठवड्यात रोज पाचसहा ३६० शव्हिट कर, म्हणजे लाटणं सोडून नुसतं जातं. पुढच्या पायानं काही करायचं नाही, नुसता वर घ्यायचा आणि परत त्याच जागी ठेवायचा.

दुसऱ्या आठवड्यात गंमत आहे. ट्रे फ्लिपची हालचाल करायची, पण नियम उलटा: पुढचा पाय बोर्डवर, मागचा जमिनीवर. मुद्दाम. मागचा पाय बाहेर पडायची पूर्ण मोकळीक आहे, पुढच्याला अजिबात नाही. (हो, याला ट्रे फ्लिप म्हणायचं की नाही यावर तू माझ्याशी भांडू शकतेस. पाय आत येतो म्हणून मी याला वेगळी ट्रिक म्हणतो आणि बंदी कायम आहे असं धरतो.) पहिल्या दिवशी तुला अगदी उलट्या हातानं लिहिल्यासारखं वाटेल. बोर्ड वाकडा पडेल, पाय टेलवर पडेल, नोजवर पडेल. कुठेही पडू दे, बोर्डवर पडला की मोज. हा माझ्या ओळखीतल्या तिघांना लागू पडलेला उपाय आहे आणि त्यात मी एक आहे. याचं कारण साधं: भीतीला एक दार हवंच असतं, ते आपण बंद करत नाही, नुसतं दुसऱ्या बाजूला काढून देतो.

एक खास बारीक गोष्ट. तुझ्या डेकचा वरचा ग्रिपटेप (पाय घसरू नये म्हणूनचा खरखरीत थर) काळा आणि खालचं चित्रही काळपट आहे. अर्ध्या सेकंदात वर कोण आणि खाली कोण हे डोळ्यांना कळणार कसं? गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या दुकानातून पिवळ्या रेडियमची पट्टी आण आणि डेकच्या पोटाला आडवी चिकटव. फिरताना पिवळा चमकला की समजायचं अजून उलटा आहे. पिवळा गेला आणि काळा आला की पाय खाली. चाळीस रुपयांत डोळ्यांचा गोंधळ मिटतो.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही पाय. आणि आता आकडा घट्ट धर: एका संध्याकाळी दहा प्रयत्न, त्याहून एक जास्त नाही. तीस प्रयत्नांतले शेवटचे वीस तू दमून करतेस, दमलेला पाय आधी बाहेर पडतो, आणि शेवटी केलेलंच घेऊन तू घरी जातेस. दहा करायचे, मध्ये दोन किकफ्लिप मारायच्या, पाणी प्यायचं. दहा झाले की बोर्ड उचलायचा, नवव्यात जवळजवळ बसली होती तरीही. विशेषतः तरीही. नव्या हालचाली झोपेत पक्क्या होतात, रात्री अकराच्या हट्टात नाही.

व्हेरिअलबद्दल विचारलं होतंस. माझं मत काहींना आवडणार नाही: गरज नाही. व्हेरिअल किकफ्लिप म्हणजे अर्धं जातं आणि एक लाटणं. ऐकायला ती ट्रेची धाकटी बहीण वाटते, पण तिचा स्वभाव वेगळा. तिच्यात पुढचा पाय मारतो, मागचा नुसता ढकलतो. ट्रेमध्ये मागचाच सगळं करतो. व्हेरिअलची सवय लागलेले कित्येक जण ट्रेमध्ये पुढच्या पायानं जोर लावून बसतात. तुझा स्कूप छान आहे, खरंच छान आहे, तो बिघडवायला कशाला जातेस?

डेकही आता घेऊ नकोस. दोन डेक फुकट गेले असं मी म्हणणार नाही, पण ते तू पायाच्या दुखण्यावर चपला बदलाव्यात तसे घेतलेस. मेपलच्या सात थरांचा डेक तुझ्या वापरात, तो भिजला नाही तर, बरेच महिने जातो. भिजला तर मात्र मेला. थरांत पाणी गेलं की टेल आपटल्यावरचा तो टणक आवाज जातो, लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. नाशिकचा पाऊस सुरू झाला की पार्किंगच्या तोंडाशी येणाऱ्या ओलीपासून लांब राहा, बोर्ड भिंतीला उभा टेकवून ठेव, आणि चाकांतले बेअरिंग ओले झालेच तर त्याच रात्री काढून पुसून सुकव, सकाळपर्यंत गंज धरतात.

फरशीचं काय? व्हिडिओत खाली ट्रिमिक्सचं काँक्रीट दिसतंय, म्हणजे तू नशीबवान आहेस. पेव्हर ब्लॉकवर शिकणाऱ्या पोरांना विचार. पण तू जागच्या जागी उभी राहून मारतेस, ते बंद कर. हळू का होईना, चालत्या बोर्डवर मार. तू आणि बोर्ड एकाच वेगानं पुढे जात असता, त्यामुळे हवेत काही बदलत नाही. बदलतं ते उतरताना. उभ्या बोर्डवर उतरलं की चाकं कुठल्याही बाजूला निसटतात, चालत्या बोर्डला पुढे जायची एकच दिशा असते. शिवाय चालताना खांदा उघडून दारात उभं राहणं तितकं सोयीचं नसतं.

आणि खाली जाताना झाडू घेऊन जा. मी चेष्टा करत नाही. माझं मनगट मोडलं ते ट्रिक करताना नाही, नुसता निवांत जात असताना, हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला म्हणून. चाक बावन्न मिलिमीटरचं आणि दगडासारखं कडक; खडा आला की चाक थांबतं आणि माणूस पुढे जातो. मी हात ताठ करून टेकला. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात काजूच्या आकाराचं एक हाड असतं, स्कॅफॉइड, ते गेलं. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, मुरगळलंय म्हणून मी तीन आठवडे बर्फ लावत बसलो. नंतर कळलं की हे हाड पहिल्या एक्सरेत लपतं, आणि त्याला रक्ताचा पुरवठाच कमी असल्यानं ते जुळायलाही फार वेळ घेतं. तेव्हा पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी दाबून दुखत असेल, तर एक्सरे स्वच्छ आला तरी हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचं. मनगटाचे गार्ड घालत नाहीस हे व्हिडिओत दिसलं. स्केटबोर्डवाले गार्ड घालणाऱ्याला हसतात. त्यांना हसू दे, तुला सोमवारी कॅश काउंटरवर नोटा मोजायच्या आहेत. पडताना हात ताठ करायचे नाहीत, कोपर वाकवून खांद्यावर लोळायचं, हेही गवतावर शिकून घे.

आता वय. बी विंगच्या पोराची तुलना मी समजू शकतो, माझ्याही बिल्डिंगमध्ये एक होता. तो तुझ्यापेक्षा हलका आहे, जमिनीच्या जवळ आहे, आणि पडला तर त्याचा गृहपाठ बुडतो, पगार नाही. त्याचा पाय बोर्डवर येतो कारण बाहेर पडायचं कारण त्याच्या पायाला अजून कुणी शिकवलेलं नाही. तो धीट आहे असं नाही, त्याला आठ महिन्यांची तालीम नाही, बस्स. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगच्या पार्क प्रकारात चीनची अकरा वर्षांची झेंग हाओहाओ होती आणि ब्रिटनकडून एक्कावन्न वर्षांचा अँडी मॅकडॉनल्ड होता. वाडग्यासारख्या त्याच पार्कमध्ये, त्याच आठवड्यात. तू त्या दोघांच्या बरोबर मध्येच आहेस, अगदी मोजून बघ.

त्याच ऑलिंपिकमधली आणखी एक गोष्ट, जी मला वयापेक्षा जास्त कामाची वाटते. स्ट्रीट प्रकाराच्या (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवरच्या) अंतिम फेरीत, ओळीनं ट्रिक करत फिरण्याशिवाय, प्रत्येकाला सुट्या ट्रिकचे पाच प्रयत्न होते आणि त्यातले सर्वांत चांगले दोनच धरले. म्हणजे जगातले सर्वोत्तम आठ खेळाडू पाचातले तीन वाया घालवतील हे नियम करणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. जपानच्या युटो होरिगोमेची पहिली ट्रिक बसली, मधल्या तीन हुकल्या, आणि शेवटच्या प्रयत्नात ९७.०८ गुण आले. सुवर्णपदक ०.१ गुणानं. पण हुकलेल्या तीन ट्रिकचे व्हिडिओ शोधून बघ. हुकताना त्याचे पाय कुठे जातात, तेवढंच बघ. हुकायचं कसं, त्याचीही एक चांगली तऱ्हा असते.

आईचं 'हे वय आहे का' याला उत्तर म्हणून तू तिला सांगू शकतेस की २०२२ मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंग होतं आणि मुलींच्या स्ट्रीटमधलं सुवर्ण पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं जिंकलं. पण मला वाटत नाही की तिचा प्रश्न पदकाचा आहे. श्रद्धा तेव्हा शाळकरी वयातली होती, आई नेमकं तेच बोट ठेवेल. तिचा प्रश्न हाडांचा आहे आणि तो रास्त आहे. तिनं तुला पडताना फक्त ऐकलंय, वरच्या मजल्यावरून, बोर्ड आपटल्याचा आवाज. एक दिवस तिला खाली खुर्ची टाकून बसव, गार्ड घातलेले दाखव, आणि गवतावरच्या वीस उड्या तिच्यासमोर मार. तिला मोजायला सांग. आया मोजायला बसल्या की विरोध करायचं विसरतात.

सोडू का, हे तू शेवटी विचारलंस, जणू सहज. पत्रात आठ महिन्यांचा त्रागा आहे, पण 'बोर्ड अजून सुटलेला नाही' हे तूच पहिल्या दोन ओळींत लिहिलंस. कंटाळा आला असता तर अकरा व्हिडिओ पाठवले नसतेस. ट्रिकचा नाद दोन महिने बाजूला ठेवून नुसतं फिरायला जावंसं वाटलं तर जरूर जा, त्यात हरणं-जिंकणं काही नाही. पण पाय बाहेर पडतो म्हणून सोडत असशील, तर आधी ते दोन आठवडे कर.

नवऱ्याला मात्र कामाला लाव. आत्ता तो उभा राहून, तुझ्या समोरून शूट करतो, त्यात खांदा कसाबसा दिसतो. फोन चाकाच्या उंचीवर, बाजूनं, स्लो मोशनला लावायचा, सेकंदाला २४० फ्रेमवर, बऱ्याच फोनमध्ये असतं. आणि त्यानं एकच गोष्ट बघायची: टेल आपटली त्या क्षणी डावा खांदा कुठे होता. बसली की नाही यावर त्यानं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. 'अगं, थोडक्यात!' हे तर अजिबात नाही. आठ महिने तू 'थोडक्यात'वरच जगतेयस.

पुढच्या वेळी व्हिडिओ पाठवशील ते दुसऱ्या आठवड्याचे पाठव, मागचा पाय जमिनीवर असलेले. न कापता, न निवडता, ओळीनं दहा. मला चांगले नकोत. मध्ये वॉचमनकाकांची शिट्टी आली तर तीही राहू दे, ती वाजल्यावर तुझा पुढचा पाय कुठे जातो ते मला बघायचंय.